तात्पर्य विचारू नका: सिनेमातून स्वतःला ओळखण्याचे सहा रविवार

सिनेमा संपतो, दिवे लागतात आणि पुढे उभे असलेले काका विचारतात, "तर मुलांनो, यातून आपण काय शिकलो?" पहिल्या रांगेतून उत्तर येतं, मेहनतीला पर्याय नाही. दुसऱ्या रांगेतून येतं, आई-वडिलांना दुखवू नये. मागून कुणीतरी "कधी हार मानू नये" म्हणतं, टाळ्या पडतात आणि सगळे घरी जातात. उत्तरं सगळी बरोबर असतात, पण त्यातलं एकही त्या मुलाचं स्वतःचं नसतं. समोरच्या मोठ्या माणसाला काय ऐकायचंय हे पंधरा वर्षांच्या मुलाला पक्कं ठाऊक असतं. वर्षानुवर्षं धड्याखालचे स्वाध्याय सोडवून त्याचा हात त्यावर बसलेला असतो.

इथे दिलेल्या पद्धतीत तात्पर्याचा प्रश्न कुठेच येत नाही. सहा रविवारांनंतर प्रत्येक मुलाच्या हातात स्वतःचा एक गुण आणि स्वतःची एक उणीव यावी, आणि दोन्हींखाली त्याच्याच वागण्यातला पुरावा लिहिलेला असावा, एवढंच साधायचं आहे. सिनेमाचं काम फक्त हलवून जागं करण्याचं. पुरावा मुलाच्या घरातून, वर्गातून, कोचिंगच्या जिन्यावरून येतो. इंदूरमधलं मराठी मंडळ, रामबाग-सुदामानगरातली एखादी सोसायटी किंवा शाळेतला एखादा उत्साही शिक्षक, कुणालाही हे करता येईल.

गट कसा जमवायचा

बारा ते सोळा मुलं-मुली, वय पंधरा ते एकोणीस. आठापेक्षा कमी असली की बुजरं मूल उघडं पडतं आणि पुढच्या रविवारी येत नाही. सोळाच्या वर गेलं की गोलात बोलायची पाळी येईपर्यंत शेवटच्याचं मन उडालेलं असतं. नववीतलं मूल आणि कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातलं मूल एका गटात घालू नका. लहान मूल मोठ्याची नक्कल करतं आणि मोठं मूल लहानासमोर शहाणपणा करतं.

सख्खी आणि चुलत भावंडं वेगळ्या तुकड्यांत ठेवा. आपल्याकडे हे जास्तच महत्त्वाचं, कारण इंदूरच्या मराठी घरांत अर्धे लोक एकमेकांचे नातेवाईक आणि उरलेले अर्धे एकाच गणेशोत्सवातले. राजेंद्रनगरात सकाळी मूल काही बोललं, तर ते घरी पोचायच्या आधी वाक्य पोचलेलं असतं. म्हणून पहिल्याच दिवशी दोन नियम फळ्यावर लिहा. इथलं कुणाचंही बोलणं नावानिशी बाहेर सांगायचं नाही. आणि कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा कुणी त्रास देत असेल, तर मात्र सूत्रधार, म्हणजे गट चालवणारं मोठं माणूस, गप्प बसणार नाही. दुसरा नियम आधीच सांगावा लागतो. "सगळं गुप्त राहील" असा शब्द देऊन नंतर मोडलात, तर तो गट संपलाच म्हणून समजा.

मोठी माणसं दोन हवीत. एकाने बोलायचं, दुसऱ्याने कोपऱ्यात बसून फक्त नोंदी घ्यायच्या. गटात मुली असतील तर दोघांपैकी एक बाई असावी. या दोघांपैकी कुणीही गटातल्या मुलाचे आई-बाबा, मामा-मावशी नसावेत. मुलं ताई-दादा म्हणोत की काका-काकू, फरक पडत नाही. "सर" मात्र नको, कारण सर म्हटलं की उत्तरं पुन्हा स्वाध्यायाची होतात.

वेळ, जागा, सामान

रविवार सकाळ, नऊ ते साडेबारा. अकरावी-बारावीच्या मुलांच्या कोचिंगच्या टेस्ट रविवारीच असतात, तेव्हा तारखा ठरवण्याआधी प्रत्येकाला त्याचं वेळापत्रक विचारा. फेब्रुवारी-मार्च बोर्डाचे, ते सोडा. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे रात्री निघणारे सजवलेले देखावे, पाहून रात्रभर जागलेल्या मुलांना सकाळी अंधाऱ्या खोलीत बसवणं म्हणजे झोपवणंच. मे महिन्याचा मोह पडतो, सुट्टी असते म्हणून. पण इंदूरच्या मेमध्ये कूलर लावावा लागतो आणि कूलरच्या घरघरीत संवाद बुडतात. दिवाळीनंतरचे ते जानेवारीचे रविवार सगळ्यांत सोयीचे.

पोहे-जलेबी सिनेमाआधी द्या. हा बारकावा क्षुल्लक वाटतो, पण नाश्ता नंतर ठेवला की पडद्यावर शेवटचं नाव येण्याआधी कुणीतरी शेव-जिरावणाची चौकशी करतं आणि नुकतं आत हललेलं सगळं पत्रावळीच्या आवाजात विरून जातं.

तीन हजार ल्युमेनच्या आसपासचा प्रोजेक्टर सकाळच्या उजेडातही चालतो, फक्त खिडक्यांना जाड चादरी लावा. पडदा नसेल तर पांढरी भिंत चालेल, इस्त्री न केलेली चादर चालणार नाही. स्पीकर वायरने जोडा. ब्लूटूथवर आवाज किंचित मागे पडतो, ओठ आणि शब्द जुळत नाहीत, आणि मुलं गोष्टीऐवजी त्यावरच हसत बसतात. दहा मीटरची एचडीएमआय वायर, एक्स्टेंशन बोर्ड, सोळा पेन्सिली, सोळा पुठ्ठे, पोस्टकार्डाएवढे कोरे कागद. आदल्या संध्याकाळी त्याच खोलीत, त्याच वायरवर पहिली दहा मिनिटं लावून पाहा. सबटायटल चालू ठेवा, मराठी सिनेमालाही. इंदूरच्या मुलांना घरची मराठी येते, पण सोलापूरकडची किंवा कोकणातली बोली कानाला चटकन लागत नाही, आणि "काय म्हणाला?" असं शेजाऱ्याला विचारण्यात प्रसंग निघून जातो.

परवानगीचा भाग थोडक्यात. ओटीटीचं सदस्यत्व घरगुती पाहण्यासाठी असतं, सभागृहासाठी नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात शिक्षणसंस्थेने आपले विद्यार्थी, कर्मचारी आणि पालक यांच्यापुरता सिनेमा दाखवायला सूट आहे. मंडळाने जाहीर खेळ लावायचा तर हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची लेखी संमती घ्यावी लागते. म्हणून एखाद्या शाळेला किंवा कॉलेजला बरोबर घेऊन, त्यांचा उपक्रम म्हणून करणं सोपं पडतं. सेन्सॉरचं प्रमाणपत्रही पाहा. 2024 पासून यूए या गटाचे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरचे असे तीन भाग झाले आहेत. जुन्या सिनेमांवर नुसतं यूए असतं, तिथे स्वतः आधी पाहून ठरवा.

सिनेमा निवडताना

ज्यात नायकाचा गुणच त्याला अडचणीत आणतो, असा सिनेमा निवडा. ज्यात चांगला माणूस शेवटी जिंकतो आणि वाईट माणूस हरतो, त्यातून मुलांना बोलायला काही उरत नाही. भाषणं ठोकणारा शिक्षक किंवा प्रशिक्षक ज्यात आहे तो सिनेमा तर नकोच. तात्पर्य तोच सांगून मोकळा होतो. पहिले सिनेमे दीड तासाच्या आसपासचे हवेत. तुकडे दाखवायचे असतील तर सात ते बारा मिनिटांचे, आणि निर्णयाच्या आधी थांबणारे. आत्महत्या, लैंगिक अत्याचार किंवा घरातली मारहाण ठळकपणे येते असे सिनेमे पहिल्या तीन रविवारांत अजिबात नकोत.

इंदूरचा एक खास प्रश्न आहे. सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकांना आजी-आजोबांबरोबर जाऊन मुलांना परीक्षण करायची सवय लागलेली असते. काम छान केलंय, संगीत बरं होतं, शेवट ताणला. हे बोलणं हुशारीचं असतं आणि स्वतःला लपवायलाही फार सोयीचं असतं. ते अडवू नका. दोन मिनिटं बोलू द्या आणि मग विचारा, "ताणला तेव्हा तुझं लक्ष कुठे गेलं होतं?"

एक रविवार, तपशिलात

सिनेमा सुरू होण्याआधी प्रत्येकाला पुठ्ठा, कागद आणि पेन्सिल द्या. पाहताना लिहायचं नाही, फक्त खुणा करायच्या. छातीत धडधडलं किंवा घशाशी आलं तर टिंब. राग आला तर फुली. नजर चुकवावीशी वाटली, मोबाइल आठवला, शेजाऱ्याला कोपर मारून काहीतरी विनोद करावासा वाटला, तर आडवी रेघ. खुणेशेजारी त्या प्रसंगाचा एक शब्द: "दुकान", "आई", "जिना". एवढंच. अंधारात वाकडंतिकडं येईल, येऊ द्या. मोबाइल दाराशी टोपलीत.

आडवी रेघ ही तिघांतली सगळ्यांत कामाची खूण. टिंब आणि फुली मूल आपणहून सांगतं. जिथे ते पडद्यावरून हटलं, तिथे बहुधा त्याचं स्वतःचं काहीतरी दडलेलं असतं. पण हे मुलांना आधी सांगू नका, नाहीतर सगळ्यांच्याच कागदावर रेघा येतील.

शेवटची नावं पूर्ण जाऊ द्या. मग अर्धेच दिवे लावा आणि पाच मिनिटं कुणीच बोलायचं नाही. सूत्रधारानेही. पहिल्या रविवारी कुणीतरी फिस्कन हसतंच, दुर्लक्ष करा. त्यानंतर बारा मिनिटं लिहिणं. कागदावर तीन ओळींची जागा: कुठल्या खुणेवर लिहितोय, त्या क्षणी मला काय झालं, आणि गेल्या दोन महिन्यांत मी असा कधी वागलो किंवा वागले. हिंदीत लिहिलं तरी चालेल. घरी मराठी आणि बाहेर हिंदी बोलणारी ही मुलं रागावतात हिंदीत, तर रागाबद्दल शुद्ध मराठीत लिहायला लावून काय मिळणार?

लिहिणं बोलण्याआधीच हवं, यात तडजोड नको. उलटं केलं की गटातला बोलका मुलगा पहिलं वाक्य टाकतो आणि पुढचे नऊ जण त्याच वाक्याला "मलाही तसंच वाटलं" जोडतात.

लिहून झालं की पंधरा मिनिटं जोडीत बोलणं, जोड्या चिठ्ठीने. मग पस्तीस मिनिटं गोल. गोलात फक्त स्वतःचं बोलायचं, जोडीदाराचं नाही. ज्याला बोलायचं नाही त्याने "पुढे" म्हणायचं, कारण विचारायचं नाही. शेवटची आठ मिनिटं कार्डासाठी: आज स्वतःबद्दल जे दिसलं ते एका वाक्यात, खाली पुरावा. कार्ड मुलाकडेच राहतं.

प्रश्न विचारायची रीत

"तू त्याच्या जागी असतास तर काय केलं असतंस?" हा प्रश्न वरवर छान दिसतो आणि हमखास फसतो. कल्पनेत सगळेच शूर असतात. त्याऐवजी, "शेवटचं असं कधी झालं, तेव्हा तू काय केलंस?" हे विचारा. यात तारीख असते, जागा असते, माणसं असतात. थापा मारणं अवघड जातं. "कोण आवडलं?" यापेक्षा "कोणाचा राग आला?" हा प्रश्न खोल जातो. आवडणं बहुतेक वेळा दिग्दर्शकाने ठरवलेलं असतं, राग मात्र आपापला असतो. एखादी मुलगी दुर्लक्ष करणाऱ्या बापाऐवजी सगळं निमूट सहन करणाऱ्या आईवर चिडते. तिथे "का?" विचारू नका. "का" ऐकलं की माणूस बचावात जातो. "तिच्या कुठल्या वाक्याला?" असं विचारा.

मुलगा म्हणतो, "मी इमोशनल आहे." हे वाक्य तसंच स्वीकारू नका. 1948 साली बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांना प्रत्येकाचं म्हणून एक स्वभाववर्णन दिलं आणि ते किती जुळतं त्याचे पाचपैकी गुण मागितले. सरासरी 4.26 आली. प्रत्यक्षात सगळ्यांना एकच कागद दिलेला होता. हळवा, जिद्दी, मनाने चांगला पण लोक समजून घेत नाहीत, ही वर्णनं कुणालाही बसतात. म्हणून प्रत्येक गुणाच्या आणि उणिवेच्या खाली एक प्रसंग हवा, ज्यात दुसरं कुणी वेगळं वागलं असतं. "इमोशनल" चालत नाही. "टेस्टमध्ये मार्क कमी आले की मी दोन दिवस आजीशीसुद्धा बोलत नाही" चालतं.

कुठल्या रविवारी काय

पहिल्या रविवारी "एलिझाबेथ एकादशी", परेश मोकाशींचा 2014 चा. पंढरपूर, घरावर कर्ज, वडिलांच्या आठवणीतली सायकल विकायची वेळ, आणि ती वाचवायला यात्रेत बांगड्या विकणारी मुलं. हसतखेळत गट मोकळा होतो. इथे एकच धागा धरा: घरच्यांना न सांगता आपण काय काय करतो, आणि त्यातलं किती त्यांना त्रास नको म्हणून आणि किती आपल्याला बोलणी नकोत म्हणून. मराठी अजिबात न समजणारी मुलं गटात असतील, तर माजिद मजीदींचा 1997 चा "चिल्ड्रेन ऑफ हेवन" याच कामी येतो. बहिणीचे बूट हरवलेला अली शर्यतीत तिसरा यायला धावतो, कारण तिसऱ्याला बूट मिळणार असतात, आणि पहिला येतो.

दुसऱ्या रविवारी मोकाशींचाच "हरिश्चंद्राची फॅक्टरी", 2009 चा. दादासाहेब फाळके 1913 चा "राजा हरिश्चंद्र" कसे उभा करतात त्याची गोष्ट. मुलं एकजात "चिकाटी" लिहितील. लिहू द्या. मग फळ्याचे दोन भाग करा: ही चिकाटी कुणाच्या उपयोगी पडली आणि तिची किंमत कुणी मोजली. घरातलं सामान विकलं जातं तेव्हा घर कुणाचं रिकामं होतं? इथे पहिल्यांदा मुलांना दिसतं की गुण आणि उणीव अशी दोन खाती वेगळी नसतात. जो हट्ट अभ्यासात चिकाटी म्हणवतो, तोच धाकट्या भावाशी वागताना आडमुठेपणा ठरतो. प्रत्येकाने आपला एक गुण घ्यायचा आणि तो जिथे नडला असा एक प्रसंग लिहायचा. हा या सहा रविवारांतला सगळ्यांत फलदायी कागद असतो, वेळ वाढला तरी वाढू द्या.

तिसऱ्या रविवारी बासू चटर्जींचा "एक रुका हुआ फ़ैसला", 1986 चा, सिडनी ल्यूमेटच्या 1957 च्या "ट्वेल्व्ह अँग्री मेन"वरून केलेला. बंद खोलीत बारा ज्युरी आणि बापाच्या खुनाचा आरोप असलेला एक मुलगा. पहिलं मतदान अकरा विरुद्ध एक असं होतं, तिथे थांबवा. गटाला हात वर करून मत द्यायला सांगा: मुलगा दोषी की शंका आहे? आकडा फळ्यावर. लगेच तोच प्रश्न चिठ्ठ्यांवर, नाव न घालता. दोन्ही आकडे बहुधा जुळत नाहीत. कुणी मत बदललं ते शोधायचं नाही, हे आधीच जाहीर करा आणि पाळा. ज्याने बदललं त्याला स्वतःला माहीत असतं, तेवढं पुरे. सिनेमातही पुढे चिठ्ठ्यांवर मत घेतलं जातं आणि चित्र हलतं, ते पाहताना खोलीत जी चुळबुळ होते तीच या रविवारची कमाई. नंतर प्रत्येकाने बारा जणांतला आपल्यासारखा एक निवडायचा. एकट्याने वेगळं मत देणारा आठ नंबरचा शहाणा ज्युरी यादीतून काढून टाका, नाहीतर सगळे तोच होतील. कुणाला घाई आहे, कुणाला भांडण नको आहे, कुणी स्वतःच्या मुलावरचा राग आरोपीवर काढतोय. अकरा जणांत हवं तेवढं सापडतं. हा सिनेमा सुमारे दोन तासांचा आहे, तेव्हा त्या दिवशी पाऊण तास जास्त धरा.

चौथ्या रविवारी नागराज मंजुळेंचा "फँड्री", 2013 चा. हा सगळ्यांत अवघड, आणि सूत्रधाराने आधी दोनदा पाहिल्याशिवाय लावू नये. गावाने खालच्या जातीचं मानलेल्या शाळकरी जब्याचं कुटुंब डुक्कर पकडायला धावतं आणि गाव, शाळासोबती कडेला उभे राहून हसतात. तुमच्या खोलीतही त्या वेळी कुणीतरी हसेल. नोंदी घेणाऱ्याने फक्त वेळ टिपायची, नाव नाही. गोलात प्रश्न जब्याबद्दल विचारायचाच नाही. हसणाऱ्यांबद्दल विचारायचा: त्यातला कोण क्रूर आहे आणि कोण फक्त मित्र हसतोय म्हणून हसतोय? आपण शेवटचं असं कधी हसलो? कोचिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या मीम्स इथे बाहेर येतात. एक पथ्य: गटातल्या कुठल्याही मुलाला त्याच्या जातीचा प्रतिनिधी म्हणून बोलायला लावू नका, नजरेनेसुद्धा नाही. शेवटचा दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो. त्यावर चर्चा नको, त्यानंतरची पाच मिनिटांची शांतता दहा करा.

सोळा वर्षांवरचा, मुरलेला गट असेल तर "फँड्री"ऐवजी विक्रमादित्य मोटवानेंचा 2010 चा "उडान" घेता येईल. बापाची दहशत आणि मारहाण त्यात आहे, हे आठवडाभर आधी मुलांना सांगा आणि न येण्याची मुभा द्या.

पाचवा रविवार: कॅमेरा त्यांच्या हातात

आतापर्यंत मुलं स्वतःबद्दल बोलली. आता ती वागताना दिसतील. सहा-सहा किंवा आठ-आठ जणांच्या टोळ्या करा. प्रत्येक टोळीने चार तासांत दोन मिनिटांची फिल्म करायची, त्या दिवशी वेळ जास्त धरा. एक मोबाइल, आडवा धरलेला, फ्लाइट मोडवर. जास्तीत जास्त बारा शॉट, गोष्टीच्या क्रमानेच घ्यायचे, म्हणजे एडिटिंगला जवळजवळ काम उरत नाही. क्रमाने घ्यायची सक्ती मुद्दाम आहे. एडिटिंग ठेवलं की ते एकच मूल रात्री जागून करतं आणि बाकीच्यांचं काम तिथेच संपतं. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ किंवा राजवाड्यासमोर जायचा हट्ट होईल, पण रविवारची गर्दी आणि गाड्यांचे हॉर्न यांत संवाद ऐकू येत नाहीत. गल्ली, गच्ची, जिना बरा. संवाद सहा वाक्यांच्या वर नको.

काय बिघडतं ते ठरलेलं आहे. पहिला तास कल्पनेवरच्या वादात जातो. तीन दिग्दर्शक निघतात. एक जण रुसून कट्ट्यावर बसतो. उन्हाची दिशा बदलते आणि आधीचा शॉट जुळत नाही. सोडवायला जाऊ नका. रुसलेल्याला कोण बोलवायला गेलं, पाण्याच्या बाटल्या कुणाच्या लक्षात राहिल्या, वाद चालू असताना कुणी गुपचूप शॉटची यादी लिहिली, कुणी स्वतःची कल्पना टाकून देऊन दुसऱ्याची उचलली, हे टिपायला एक मोठं माणूस प्रत्येक टोळीजवळ बसवा. नोंद क्रियापदाची हवी. "समजूतदार आहे" नको. "साडेदहाला उठून त्याच्याकडे गेली, पाच मिनिटं काही बोलली नाही, मग पाणी दिलं" हवं. फिल्म कशी झाली याला महत्त्व नाही, आणि तिला बक्षीस तर मुळीच नको.

सहावा रविवार, पंधरा दिवसांनी

मधला एक रविवार मोकळा सोडा. पाचव्या रविवारी निघताना प्रत्येकाने कार्डावर दोन छोट्या कसोट्या लिहायच्या. सापडलेला गुण जिथे कधी वापरला नाही अशा जागी एकदा वापरून पाहायचा. उणिवेसाठी एक कृती, इतकी लहान की पंधरा मिनिटांत संपेल. "मी आता नाही म्हणायला शिकेन" ही कसोटी नव्हे. "नोट्सचे फोटो मागणाऱ्या मित्राला एकदा, संध्याकाळी सातनंतर, 'उद्या देतो' म्हणेन" ही कसोटी.

सहाव्या रविवारी सिनेमा नाही. आधी कसोट्यांचं बोलणं. जमली नाही तर "काय आडवं आलं?" एवढंच विचारा, न जमलेली कसोटी बरेचदा खरी उणीव दाखवून जाते, लिहिलेली उणीव नुसतीच सोयीची निघते.

मग शब्दांचा खेळ. 1955 मध्ये जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेल्या जोहारी खिडकीचं, म्हणजे आपल्याला स्वतःत दिसतं ते आणि इतरांना आपल्यात दिसतं ते ताडून पाहण्याच्या रीतीचं, हे सोपं रूप. तीस शब्दांची यादी करा: ऐकून घेतो, शंका विचारते, वेळ पाळतो, भांडण सोडवते, हिशेब चोख ठेवतो, हसवते, उरलेलं काम उचलतो. हुशार, चांगला, गोड असले शब्द यादीत नकोत. पीटरसन आणि सेलिग्मन या मानसशास्त्रज्ञांनी 2004 मध्ये मांडलेली चोवीस गुणांची यादी शब्द सुचायला उपयोगी पडते, पण ती भाषांतर करून वाटू नका, शासनाच्या पत्रकासारखी वाटते. प्रत्येकाने स्वतःसाठी पाच शब्द निवडायचे आणि टोळीतल्या बाकीच्यांनी त्याच्यासाठी तीन-तीन, प्रसंगासकट. जे दोन्हींकडे आलं ते पक्कं. जे इतरांनी लिहिलं आणि त्याला स्वतःला दिसलंच नव्हतं, तिथे मूल कागद दोनदा वाचतं. नोंदी घेणाऱ्यांची क्रियापदं या वेळी द्या.

उणिवांसाठी हा खेळ अजिबात नको. सतरा वर्षांच्या मुलीला आठ जणांनी मिळून "तू स्वार्थी आहेस" लिहून दिलेला कागद ती पन्नाशीपर्यंत जपून ठेवते. उणीव ज्याची त्यानेच लिहायची, आणि वाटलं तरच दाखवायची.

कुणी कोसळलं तर

रडणं म्हणजे आणीबाणी नव्हे. पाणी द्या, दुसऱ्या मोठ्या माणसाने बरोबर बाहेर बसावं, गट चालू ठेवावा. पण मुलाने घरातला किंवा बाहेरचा अत्याचार सांगितला, तर सगळ्यांसमोर खोदू नका, तपशील पुन्हा पुन्हा विचारू नका, आणि "बघू, आई-बाबांशी बोलतो" असं परस्पर ठरवू नका. त्रास देणारा घरातलाच असू शकतो. चाइल्डलाइनचा क्रमांक 1098. अठरा वर्षांखालच्या मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर ती पोलिसांना देणं 2012 च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. जीव नकोसा झाल्याचं बोलणं आलं तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, 14416, आणि त्या दिवशी मूल एकटं घरी जाणार नाही याची व्यवस्था. दोन्ही क्रमांक पहिल्या रविवारपासून दारावर लावलेले असावेत, म्हणजे कुणाला मागायला लागणार नाहीत.

पालक आणि कागद

शेवटच्या दिवशी न्यायला आलेली आई दाराशी हळूच विचारते, "मग, आमच्या बंड्याचं काय निघालं?" तिचा हेतू वाईट नसतो. बारावीनंतर सीए की इंजिनियरिंग हे ठरवायला काहीतरी हाती लागेल असं तिला वाटतं. उत्तर एकच: ते त्याच्या कार्डावर आहे, त्याला विचारा. तुमच्याकडून अहवाल, गुणपत्रक, "कल" असं काहीही जाऊ देऊ नका. हे पालकांना नावनोंदणीच्या अर्जावरच छापून कळवा, आणि अर्जावर सही घेताना वाचूनही दाखवा. प्रमाणपत्र द्यायचंच असेल तर हजेरीचं द्या.

सगळे कागद त्याच दिवशी मुलांना परत करा. नोंदी घेणाऱ्यांची वही आणि चिठ्ठ्या फाडून टाका. मोबाइलवर घेतलेल्या फिल्म ज्यांच्या आहेत त्यांच्याकडे पाठवून मूळ मोबाइलवरून पुसा, आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची विनंती कितीही प्रेमाने आली तरी टोळीतल्या प्रत्येकाचा होकार असल्याशिवाय टाकू नका. पुढच्या तुकडीसाठी ठेवायचं ते एवढंच: कुठल्या सिनेमाला किती वाजता खोली शांत झाली, कुठला प्रश्न फुकट गेला, आणि कुठल्या खिडकीची चादर निसटत होती.